वाकळीचं छत

आई, काल आपल्या धाकट्यानं, माझ्या भावानं, घरावरचे पत्रे उतरवले. स्लॅब टाकतोय. पत्र्याखाली तू बांधलेली वाकळ धपकन खाली पडली आणि इतकी धूळ उडाली की गवंडी खोकत बाहेर पळाला. "हे ठेवून काय करायचं गं आता?" असं धाकट्यानं विचारलं. मी वाकळ गुंडाळली आणि माझ्या घरी घेऊन आले. आता तिच्यावरच बसून लिहितेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि असतीस तरी तुला वाचायला कुठं येत होतं? वाचून दाखवायला मलाच बोलावलं असतंस.

पत्रे हा आबांचा हट्ट. कौलं गळायची, दर पावसाळ्याआधी शाकारायला लागायची, हे खरंच. पण आबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल होते, तिथल्या गोदामावर पत्रे बघून त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. मुडशिंगीत आपल्या गल्लीतले पहिले पत्रे आपलेच. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं काय घेऊन बसलोय ते. दुपारी कोंबड्यासुद्धा आत यायला तयार नसायच्या. आबा मात्र घाम पुसत म्हणायचे, "गळत तर न्हाय की."

नेमकी त्याच उन्हाळ्यात मी पोटुशी. चार दिवस माहेरी आले होते, मला न्यायला सासूबाई हुपरीहून एसटीनं आल्या. भाकरी खाल्ली, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ईनबाई, ह्या भट्टीत पोर कशी तग धरंल? बाळंतपण आमच्यातच करू." ज्यांच्या घरात दिवसभर चांदी वितळते, त्यांनी तुझ्या घराला भट्टी म्हणावं! मला राग आला, पण बोलायची सोय नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तुझ्या दृष्टीनं अब्रूची गोष्ट. माझं कारण वेगळं होतं. हुपरीच्या त्या घरात मी वर्षभर मोठ्यानं हसले नव्हते. ते लोक वाईट नव्हते, पण मला भीती वाटत होती, आणि भीती वाटताना मला तूच जवळ हवी होतीस.

मी सासूबाईंबरोबर हुपरीला गेले आणि मागं तू गल्लीतल्या बायकांना गोळा केलंस. "जी वाकळ थंडी अडवती, ती ऊन न्हाय अडवायची व्हय?" बायका हसल्या, तरी सुया घेऊन आल्या. अंगणभर जुनी लुगडी पसरली, चारी बाजूंनी बायका बसल्या आणि कडेकडेनं आत टाके घालत आल्या. थर कमी पडले तेव्हा आबांनी अडतीवरून गुळाच्या पोत्यांचं जुनं बारदान आणलं. तू धुवायला निघालीस तर म्हणाले, "आतच जाणार हाय, कोण बघतंय?" मग तशीच ती वाकळ वाशांना बांधली.

तुझा निरोप आला तशा सासूबाई मला घेऊन परत आल्या. चहा झाला, आणि त्यांच्या बशीत वरून एक मुंगळा पडला. मग दुसरा. वर बघतो तर वाकळीवर मुंगळ्यांची रांगच लागलेली. पोत्यांतला गूळ पत्र्याच्या उष्णतेनं पाघळला होता. आबा म्हणाले, "गुळाच्या घरात मुंगळं याचंच की, पावणं." सासूबाईंना हसू आवरेना. तुझ्या मात्र डोळ्यांत पाणी. मला परत घेऊन जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येतो परत."

त्या आठवड्यात तू काय केलंस, ते मला काल कळलं. वाकळीची शिवण एका बाजूनं उसवली आहे. आत बारदान नाही. तुझं माझ्या लग्नातलं इरकल आहे आणि यात्रेला नेसायचीस ते दुसरं. म्हणजे ती दोन्ही पेटीतून गेली ती इथं. मी तुला कितीदा विचारलं, आई, लग्नातलं लुगडं का नेसत नाहीस? तू म्हणायचीस, आता शोभत नाही. मी मूर्खासारखी ते खरं धरत गेले.

ठरल्याप्रमाणं पुढच्या आठवड्यात भर दुपारी सासूबाई त्या छताखाली माझ्याशेजारी बसतात. तू दाराशी उभी, हात पदरात गुंडाळलेले. सासूबाई मला विचारतात, "खरं सांग, कसं वाटतंय?" मी म्हणते, "गार हाय की, आत्याबाई." त्या माझ्याकडे बघतात, पदरानं स्वतःची मान पुसतात आणि तुला म्हणतात, "ऱ्हाऊ दे मग हितंच. तीच म्हणतीया."

मुलगी तिथंच झाली. तू मला शेक दिलास, धुरी दिलीस, रात्ररात्र जागलीस. आणि पुढं आयुष्यभर वाकळीचं कौतुक सांगत राहिलीस. तुझं ऐकून गल्लीत आणखी दोघींनी वाकळी टांगल्या. त्यातली एक मला एकदा म्हणाली होती, "फरक पडतोय, पर तुझी आई म्हणती तेवढा न्हाय." मी विषय बदलला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. आधीपेक्षा बरं होतं, पण गार नव्हतं, आई. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मला तुझ्याजवळ राहायचं होतं.