कोलममधला जास्तीचा ठिपका

अंबत्तूर, बुधवार

तीर्थस्वरूप मामांना,

तुमचा भाचा इळमारन याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींची साखर उतरली का? (पोंगलला त्यांनी चार वेळा गोड भात घेतला, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.) इकडे सगळे ठीक. अप्पा तर फारच ठीक होते, आणि माझा संशय तिथूनच सुरू झाला.

ऑपरेशनला तुम्ही आला होता, त्याला पाच महिने झाले. डॉक्टरांनी खुब्याचा गोळा कापून न टाकता नुसता घासला आणि त्यावर धातूची टोपी बसवली. अप्पांचा जन्म लेथ मशीनवर गेलेला, त्यामुळे शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, ग्रीस कुठून भरायचं? तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो, पण पुढे त्याच टोपीखाली माझं लग्न अडकलं. अप्पांना व्यायाम शिकवायला आठवड्यातून दोनदा येते ती तेन्मोळी. तिच्याशिवाय मी जगणार नाही, हे मी जेवणाचं ताट आपटून जाहीर केलं. अप्पा म्हणाले, "तिच्या बापाच्या ओट्यावर चटईवर मांडी घालता आली, की त्याच दिवशी मागणी घालतो. खुर्चीत बसून मुलगी मागायला मी काय कलेक्टर आहे?"

मी थांबलो. तेन्मोळी आली की अप्पा काठी टेकत "अय्यो, अय्यो" करत अंगणात फेऱ्या मारायचे, आणि ती म्हणायची, "सावकाश, अंकल." सावकाश! इथे मला तेविसावं सरत आलंय.

मग मी काठी तपासली. खालचं रबर नवं कोरं. त्यातून अम्माचं कोलम. ती पहाटे दारात तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडून ते काढते. काठी घेऊन बाहेर पडणारा माणूस त्यात एखादा जास्तीचा ठिपका ठेवणारच. तेन्मोळीच्या दिवशी कोलमला गोवर यायचा. बाकीच्या दिवशी दोन सारखी पावलं आणि ठिपका एकही नाही! (कॉलेज मी तिसऱ्या वर्षी प्राध्यापकांशी भांडून सोडलं, पण एवढं गणित मला येतं.)

सोमवारी पहाटे मी त्यांच्या मागावर निघालो. काठी घरात, आणि चहाला जातो म्हणून निघालेले अप्पा टपरीकडे ढुंकूनही न बघता रेल्वेच्या पुलावर. बेचाळीस पायऱ्या, मामा! टोपी त्यांच्या खुब्यात आणि धाप मला. पूल उतरून ते तेन्मोळीच्या गल्लीत शिरले, तेव्हा माझं टाळकं सटकलं. हा माणूस माझं लग्न मोडायलाच चाललाय! लुंगी दुमडून मी त्या घरात घुसलो आणि ओरडलो, "लबाड! नाटकी! पाय धडधाकट आहे तुमचा!"

ओट्यावर चटई होती. चटईवर अप्पा, चक्क मांडी घालून. समोर तेन्मोळीचे वडील षण्मुखम मास्तर, हातातला कॉफीचा पेला अधांतरी. अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मास्तरांना म्हणाले, "हाच तो. आत्ताच सांगत होतो ना, स्वभावाने अगदी थंड आहे."

तेन्मोळीने मला फाटकाबाहेर नेऊन झाडलं. अप्पा तीन आठवडे रोज तिथे जाऊन मांडी घालायला शिकत होते. पहिल्या दिवशी बसले ते उठेचनात, बापलेकीने मिळून उचललं. घरातलं कण्हणं माझ्यासाठी होतं, आणि तीही त्यात सामील! "बाबा नाही म्हणाले असते, तर तू काय केलं असतंस, याची धास्ती होती तुझ्या अप्पांना," ती म्हणाली. "आधी होकार आणतो आणि मग सांगतो, म्हणत होते." मामा, दुमडलेली लुंगी मी सोडून खाली केली. (तसं क्वचितच होतं.)

मास्तर शुक्रवारी उत्तर देणार आहेत.

तुमचा,
इळमारन

ता. क. नारळ-विड्याचं ताट मामाच्याच हातात शोभतं, तेव्हा शुक्रवारी तुम्ही याच. मास्तर माझ्या स्वभावाबद्दल विचारतील. अप्पांनी सांगितलं तेच सांगा.

आणखी एक. परतताना पुलावर माझा घोटा मुरगळला. अप्पांची काठी आता माझ्याकडे असते. तेन्मोळी दोन दिवसांत तीनदा येऊन बघून गेली, सावकाश म्हणाली. मीही घाई करणार नाही.

पाकीट चिकटवणार, तोच अम्मा दारातून ओरडली, "इळमारा, सकाळी दूध आणायला गेलास तेव्हा काठी कुठे होती रे? कोलममध्ये तर नुसती पावलंच दिसतायत!" मामा, तेन्मोळी उद्या संध्याकाळी येणार आहे आणि अम्माच्या पोटात काही राहत नाही. शुक्रवार नको, उद्या सकाळचीच बस पकडा.