तबकड्या निवडणारे कान

प्रिय मिझुए,

फोन सोडून आईनं पत्र का लिहिलं, असं तुला वाटलं असेल. आपला फोन कुठे आहे ते तुला ठाऊकच आहे, तुझ्या बाबांच्या खुर्चीला चिकटून. दर रविवारी तू फोन करतेस, ते डोळ्यांपुढे वर्तमानपत्र धरून बसतात आणि मी आपली “हो, हो, थंडी पडली, हो, कोबी लावला” एवढंच बोलत राहते. आज जे सांगायचंय ते या हो-होमध्ये मावणारं नाही. तेव्हा चहा करून घे आणि सावकाश वाच. आणि वाचताना मधेच रागावून पत्र बाजूला ठेवू नकोस. तो गुण तू कोणाकडून घेतलास ते मी सांगायला नको.

दोन वर्षं झाली तू घरी आली नाहीस. ना ओबोनला, ना नववर्षाला. पितरांच्या दिव्यांसाठी आलेल्या तुझ्या आत्यानं विचारलं तर मी सांगते, मिझुएला काम फार, टोकियोत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना सुट्टी कसली. आत्या मान डोलावते आणि तिसऱ्याच विषयावर बोलते, म्हणजे तिला सगळं माहीत आहे. त्या रात्रीचं जेवण मला कधीच गोड लागत नाही.

त्या पडद्याच्या बैठकीचा मला तेव्हाही राग आला होता, आणि खरं सांगू, थोडं हसूही आलं होतं. आपल्या कॉफीघरात संगीत चालू असताना कोणी बोलत नाही, कप खाली ठेवतानासुद्धा बशीत रुमाल घालतात. तिथे वर्षातून एकदा आवाजाच्या दृष्टीनं उत्तम तबकड्या निवडायच्या. कोणाची तबकडी आहे ते कळू नये म्हणून ग्रामोफोन पडद्याआड ठेवायचा, आणि ऐकून झालं की गो खेळातली सोंगटी वाडग्यात टाकायची, पसंत तर पांढरी, नापसंत तर काळी. सगळं कसं न्यायाचं! फक्त पहिली सोंगटी अध्यक्षांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, टाकायची, तीही सर्वांदेखत. तबकडीचं नाव लपवायला पडदा होता, अध्यक्षांचं तोंड लपवायला नव्हता. तुझ्या बाबांनी पांढरी टाकली की वाडगं पांढरं, काळी टाकली की काळं. आणि त्या दिवशी तुझी चेलोची तबकडी वाजली. लाकडी शाळेतल्या सभागृहात, बाहेर बर्फ साचलेलं असताना तू ध्वनिमुद्रित केलेली. बाबांना काय माहीत कोणाची ती. त्यांनी काळी टाकली आणि म्हणाले, “पांघरुणाखालून वाजवल्यासारखं वाटतंय.” बाकीच्यांचे हात मुकाट काळ्या सोंगट्यांकडे गेले. तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “बाबा, पांघरूण तुमच्या कानांवर आहे.”

त्या खोलीत इतक्या मोठ्यानं कोणी बोललेलं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. बाबा तुझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, “या खोलीत बोलायचं नसतं.” तू कोट उचललास आणि शेवटच्या गाडीपर्यंतही न थांबता, आधीच्याच गाडीनं गेलीस. ते रात्रभर ग्रामोफोनची सुई पुसत बसले. तुमच्या दोघांमध्ये मी म्हणजे दोन स्पीकरमधल्या भिंतीसारखी. दोन्हीकडून धक्के मलाच.

असो. आता ताजी बातमी. या सप्टेंबरमध्ये शेजारच्या कुबोता-सानकडे सुझुमुशी फार झाले. तुला आठवतात ना ते काळे, नखाएवढे किडे, संध्याकाळी लहान घंटा वाजवल्यासारखे गाणारे? त्यांनी एक पेटी भरून बाबांना भेट दिली. “तुमच्यासारख्या कानांच्या माणसाकडेच हे शोभतात,” असंही म्हणाले. बाबा खूश. वांग्याच्या फोडी काय, काकडीचे काप काय, मला कधी मिळाले नाहीत एवढे लाड त्या किड्यांचे झाले. संध्याकाळ झाली की दिवा मालवून पेटीजवळ मांडी घालून बसायचे. चार दिवसांनी माझ्याकडे वळून म्हणतात, “कुबोतानं मुके किडे दिलेत.”

मिझुए, मी त्या वेळी स्वयंपाकघरात भात उपसत होते, आणि किड्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मला वाटलं थट्टा करताहेत. चेहरा पाहिला तर थट्टेचा नव्हता. मी तोंड उघडणार तोवर ते पेटी काखेत मारून शेजारी गेलेसुद्धा. आणि कुबोता-सान! त्या माणसाची सभ्यता एखाद्या दिवशी त्याचा जीव घेईल. दारात उभे राहून, हातातली पेटी किणकिण करत असताना, त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली. “अरेरे, फारच चूक झाली. बदलून देतो.” दुसरी पेटी दिली. तिच्यातले किडे पहिल्यांपेक्षा मोठ्यानं गाणारे. बाबांनी तीही परत नेली. “हेही गात नाहीत हो.” “अरेरे, या वर्षी हवाच तशी आहे,” असं म्हणून त्यांनी तिसरी पेटी दिली. तेव्हा आतून उमेआजी काठी टेकत बाहेर आल्या. तुला त्यांचं तोंड माहीत आहे, नव्वदी ओलांडली तरी धार गेलेली नाही. म्हणाल्या, “मोरिहिको, किडे किती वेळा बदलशील? ते बिचारे गाऊन गाऊन मरायला टेकलेत. कान बदल आता!” कुबोता-सान इतके घाबरले, की आईच्या वतीनं माफी मागताना त्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं.

बाबा पेटी घेऊन घरी आले. पेटी कानाला लावून बसले, आधी उजव्या, मग डाव्या. मी शेजारी जाऊन बसले. तेव्हा त्यांनी मला विचारलं, “फुमी, आत्ता गाताहेत का?” मी म्हटलं, “हो.” “कसे?” आता कसे ते कसं सांगायचं गं? मी आपलं तोंडानं रीऽन रीऽन करून दाखवलं. माझं ते बेसूर किणकिणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. माझा जीव इतका तुटला, की नंतर मी उगाच भांडी घासत बसले.

आठवडाभरानं म्हणाले, ग्रामोफोनची सुई तपासून आणायला नागानोला जातो. सुई इथेच डबीत होती, हे बघूनही मी त्यांना गाडीसाठी डबा बांधून दिला. परत आले तेव्हा टोपी कानांवर ओढलेली. घरात टोपी का, तर म्हणे सर्दी झाली. जेवायला बसलो. मी मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलं आणि ते दचकलेच. “तू लोणचं एवढ्या मोठ्यानं खातेस?” मी म्हटलं, “चाळीस वर्षं अशीच खातेय.” मग वर्तमानपत्र उघडलं तर त्याचा आवाज, सपातांचा आवाज, मांजराच्या नखांचा आवाज, सगळ्याला दचकणं. शेवटी टोपी मीच ओढून काढली. दोन्ही कानांमागे घेवड्याच्या दाण्याएवढी ऐकण्याची यंत्रं. इतके लाजले होते, लग्नाच्या दिवशीही एवढे लाजले नव्हते.

मग खरी मजा सुरू झाली. गेल्या काही वर्षांत पडद्याच्या बैठकीत निवडलेल्या तबकड्या त्यांनी खाली काढल्या. पहिली लावली आणि व्हायोलिन सुरू होताच दोन्ही हात कानांवर. “हे कोणी निवडलं? वरचे सूर नुसते किंचाळताहेत!” मी म्हटलं, “तुम्हीच.” दुसरी लावली. तिच्यात बासरीमागून केवढी तरी शिट्टी. “आणि हे?” “तेही तुम्हीच. ‘काय शांत पार्श्वभूमी आहे’ असं म्हणाला होतात.” बिचारे! कान जसजसे मंद होत गेले तसतशा त्यांना जास्त जास्त धारदार तबकड्याच चांगल्या वाटत गेल्या, आणि गावानं त्या सगळ्या मुकाट निवडल्या, वर आपापल्या घरीही मागवल्या. त्यांनी दातांचे डॉक्टर नागासे यांना बोलावून सरळ विचारलं. नागासे-सान आधी छतच बघत राहिले. मग म्हणाले, “दिवसभर मी लोकांच्या तोंडात जे यंत्र चालवतो, अध्यक्षमहाराज, ते संध्याकाळी इथे येऊन ऐकायचं, अशी माझी दोन-तीन वर्षं गेली. पण तुम्ही पांढरी टाकलीत, तर आपण कोण?” बाबा आधी लालबुंद झाले, आणि मग हसायला लागले. दोघंही डोळे पुसेपर्यंत हसले. इतकी वर्षं ज्या खोलीत कोणी खाकरलं नाही तिथे.

नागासे-सान गेल्यावर बाबांनी तुझी तबकडी लावली. मला बोलावलं नाही, पण दार उघडं ठेवलं, म्हणून मी आत जाऊन बसले. तुझ्या कामातलं मला काही कळत नाही. चेलो वाजतोय आणि आपण त्या शाळेच्या बाकावर बसलोय असं वाटतं, एवढंच मला सांगता येईल. गज तारेवर टेकतो तो आवाज, वाजवणाऱ्याचा श्वास, आणि सूर संपल्यावर लाकडी भिंतींमध्ये तो कसा थोडा वेळ राहतो ते. बाबांनी एक बाजू ऐकली, उलटून दुसरी ऐकली, आणि पुन्हा पहिली लावली. मग उठून वाडग्यातून एक पांढरी सोंगटी घेतली आणि तबकडीच्या वेष्टनावर ठेवली. तशीच ती अजून आहे. मी पुसायलासुद्धा उचललेली नाही.

आता पत्राच्या सुरुवातीला फोनचं जे कारण सांगितलं ते अर्धंच खरं होतं. हे पत्र मी तुझ्या बाबांच्या सांगण्यावरून लिहितेय. ते स्वतः चार वेळा लिहायला बसले आणि ‘प्रिय मिझुए’च्या पुढे हात सरकला नाही. झालंय असं, की नागानोच्या कानांच्या दवाखान्यात त्या यंत्रांचे वरचे सूर कमी-जास्त करून बसवायचे असतात. तिथली मुलगी विचारते, “आता बरोबर वाटतं का? की आता?” आणि तुझे बाबा तिला उलट विचारतात, “बरोबर म्हणजे कशासारखं?” तिच्याकडे उत्तर नाही, आणि त्यांनाही आठवत नाही. इतक्या हळूहळू गेलं ते, की मूळचा आवाज कसा असतो याची खूणच त्यांच्याजवळ उरलेली नाही. म्हणून तुझी तबकडी घेऊन जायचं त्यांनी ठरवलंय. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्या शाळेच्या सभागृहात प्रत्यक्ष बसून चेलो ऐकलेलं आपल्या ओळखीत एकच माणूस आहे, तू. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते, ते माझ्यामागे उभे राहून बघताहेत: “इतकी वर्षं गावासाठी आवाज मी निवडला. माझ्यासाठी आता मिझुएनं निवडावा. ती शेजारी बसून म्हणेल, ‘बाबा, एवढाच होता,’ तिथेच मी थांबेन.” पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारची वेळ दिलीय. बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं ये, ते स्टेशनावर उभे असतील.

तुझीच,
आई