दाराकडे कॉर्डरॉय, खिडकीकडे रेनकोट

माझ्या थोरल्या मुला, धाकट्या मुली, सूनबाई आणि वरच्या मजल्यावरच्या पिशवीवाल्या मैत्रिणी, आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि ती आजवर कोणी मोठ्याने बोलून दाखवलेली नाही. ड्रायव्हर, म्हणजे तुमचे बाबा, आपल्याला ओळखत नाहीत. थोरल्याला ते ‘साहेब’ म्हणतात. धाकटीला विचारतात, “तुम्ही कुठे उतरणार?” सूनबाईने चहा दिला की खिसे चाचपतात आणि म्हणतात, “सुटे नाहीत, उद्या देतो.” आपण हसतो आणि मग प्रत्येक जण वेगळ्या खोलीत जाऊन डोळे पुसतो. तक्रार एकत्र मांडा, हे मी आयुष्यभर परक्या लोकांना सांगत आले. म्हणून हे मृत्युपत्र मी कपाटात बंद करून ठेवणार नाही. ऑपरेशनच्या आधी तुम्हा सर्वांना टेबलाभोवती बसवून मी ते स्वतः वाचणार आहे.

मी, खाली सही करणारी, बस कामगार युनियनची निवृत्त चिटणीस, ड्रायव्हरांची पत्नी आणि तुम्हा दोघांची आई, असे जाहीर करते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि पुढचा प्रत्येक शब्द माझ्या मर्जीचा आहे. वकीलबाईंनी मसुद्यात ‘कोणत्याही दबावाखाली नसताना’ असे लिहून आणले होते. ते मी खोडले. दबाव आहे. माझ्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, ती बदलायची आहे आणि मला भीती वाटते. डेपोच्या गेटवर, उभ्या बसच्या टपावर चढून, खाली पोलिसांची रांग असताना मी बोलले आहे. तेव्हा पाय कापले नाहीत. आता पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेताना हात कापतो. खोटे निवेदन मी कधी वाचले नाही, तेव्हा हे शेवटचे तरी कशाला वाचू?

“ताई, भीती वाटते असं लिहिलंत तर कोर्टात प्रश्न येईल,” वकीलबाई म्हणाल्या.

“येऊ दे. न्यायाधीशालाही झडप असतेच की.”

कलम एक. राहते घर. ते ड्रायव्हर आणि मी दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा हिस्सा थोरला आणि धाकटी यांना सारखा मिळावा. मुलगी लग्न होऊन गेली वगैरे सबब कोणी काढू नये. असल्या सबबींविरुद्ध बोलून माझा घसा बसलेला आहे. मात्र ड्रायव्हर हयात आहेत तोवर हे घर विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्याने देऊ नये, आतली भिंत पाडू नये आणि त्यांचा पलंग जागचा हलवू नये. पलंगाची अट मृत्युपत्रात कधी पाहिली नव्हती म्हणून वकीलबाई हसल्या. कलम चार वाचल्यावर त्या हसायच्या थांबल्या.

कलम दोन. शिवणयंत्र, कात्र्या, कापडांचे गठ्ठे. हे सर्व पिशवीवालीला द्यावे. सुई ही बाईच्या हातातली बेडी आहे, असे मी सभेत ठणकावून सांगत असे आणि टाळ्या पडत. निवृत्त झाले तेव्हा माईक गेला, टाळ्या गेल्या आणि मी घरात ड्रायव्हरांनाच भाषणे देऊ लागले. एक दिवस पिशवीवाली साखर मागायला आली आणि तिची नजर कोपऱ्यातल्या गुंडाळीवर गेली.

“हे फडकं टाकणार आहेस का?”

“फडकं? संपाचा फलक आहे तो!”

“मग मजबूत असणार. याची पिशवी कर. बटाटे नेले तरी उसवणार नाही.”

मी तिला अर्धा तास सुनावले. तिने तोवर फलक कापलाही होता. पहिली पिशवी मी अशी शिवली की बंद आत राहिले आणि सगळी शिवण बाहेर आली. ती हातात फिरवत पिशवीवाली म्हणाली, “माईकवाले, हिलाही भाषण दिलंस वाटतं. हिचं तोंडच सापडत नाही.” त्या दिवसापासून मी शिवते आहे. संपाचे सगळे फलक आता बाजारहाट करतात. कुणाच्या पिशवीवर ‘एकजु’ आहे, कुणाच्या बंदावर ‘आमचा हक्’. बेडीचे वाक्य मी मागे घेते. हुकमाने शिवावे लागले तर ती बेडी. माझ्यावर हुकूम कोणाचाच नव्हता.

ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकीलबाई सांगतात. म्हणून पिशवीवालीचे नाव साक्षीदारांतून काढले. “म्हणजे यंत्र दिलंस आणि सही काढून घेतलीस?” असे म्हणून ती रुसून गेली आणि तासाभराने वाटीभर लोणी घेऊन परत आली.

कलम तीन. पिशव्या. व्हरांड्यातल्या खुंट्यांवर टांगलेल्या पिशव्या कोणाच्याही मालकीच्या नाहीत, त्या ड्रायव्हरांच्या कामाच्या आहेत. जीन्सच्या पिशवीत चष्मा, टॉवेलच्या पिशवीत दाढीचे सामान, तागाच्या पिशवीत मोजे. ते डोळ्यांनी शोधत नाहीत. भिंतीवरून हात सरकवत जातात आणि कापड ओळखून थांबतात. पिशवी मळली तर धुवा, पण वाळली की त्याच खुंटीवर टांगा आणि आतल्या वस्तूंची अदलाबदल करू नका. बाकीच्या, कपाटातल्या पिशव्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात. धाकटीला मात्र सक्तीने एक द्यावी. तुझ्या दातांच्या दवाखान्यात माझी पिशवी जंतुनाशकाच्या डब्यामागे लपवलेली मी पाहिली आहे, बाई. नवी पिशवी खुर्चीसमोर टांग. तोंड उघडून बसलेल्या माणसाला काहीतरी बघायला नको का?

कलम चार. ड्रायव्हरांची गोधडी. या मृत्युपत्रातली खरी मालमत्ता हीच आहे.

ही गोधडी मी जुन्या कपड्यांची, गंमत म्हणून शिवली होती. त्यांचा विसरभोळेपणा वाढू लागला तेव्हा माझ्या लक्षात आले की गोंधळले की त्यांचा हात एका तुकड्यावर जातो. तो त्यांच्या नोकरीतल्या खाकी सदऱ्याचा तुकडा. तो बोटांत आला की श्वास सावकाश होतो. मग मी गोधडी उसवली आणि विचार करून पुन्हा जोडली. खाकी छातीशी आणली. दाराच्या बाजूची सबंध कड त्यांच्या जुन्या जाकिटाच्या कॉर्डरॉयची केली, उभ्या जाड रेघांचे ते कापड. खिडकीच्या बाजूला रेनकोटचे गुळगुळीत कापड लावले, कारण ते त्यांना आवडत नाही. हात लागला की काढून घेतात. ते कॉर्डरॉयवर बोटे फिरवत पलंगाच्या पायथ्याशी येतात, उठतात, दारातून बाहेर पडून न्हाणीघरात जातात आणि तसेच परत येतात. आयुष्यभर एकाच मार्गावर गाडी चालवलेला माणूस आहे. मी त्यांना मार्ग शिवून दिला.

गेल्या महिन्यात सूनबाईने ती धुतली. चांगल्या मनाने धुतली, कडक वाळवली आणि पलंगावर घातली. डोक्याकडची बाजू पायाकडे गेली. त्याबरोबर कॉर्डरॉय खिडकीकडे गेला आणि रेनकोट दाराकडे. तिला हे कळण्याचे कारण नव्हते. मी कोणाला सांगितलेच नव्हते, कारण मी असणारच आहे असे मी धरून चालले होते.

मी डॉक्टरांकडून झडपेचे ऐकून जिना चढत होते. दार लोटले तर सूनबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, नळ चालू होता आणि पलंग रिकामा होता. ड्रायव्हर खिडकीत होते. एक पाय पलंगावर, दुसरा खिडकीच्या चौकटीवर. खाली तीन मजले आणि सिमेंट.

“गेट उघडा,” ते बाहेर बघून म्हणत होते. “गाडी काढायची आहे.”

लोकहो, हजारोंच्या सभेत न अडखळलेल्या माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. हाक मारावी तर ते दचकतील, धावावे तर पलंग हलेल. छातीत ती झडप फडफडत होती आणि मला वाटले, मी आत्ता इथे पडले तर यांना आत कोण घेणार? मी गुडघ्यांवर पलंगावर चढले, गोधडी पुढे सरकवत नेली आणि खाकी तुकडा त्यांच्या मुठीत कोंबला. बोटे मिटली. मी गोधडी मागे ओढली, तसे तेही मागे आले.

“टायमाला निघायला हवं,” ते म्हणाले.

“आजची गाडी रद्द आहे.”

“रद्द? मग आजचा पगार?”

“मिळणार. युनियन बघून घेईल.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि आडवे झाले.

थोरला संध्याकाळी माणूस घेऊन आला आणि खिडकीला जाळी ठोकली. “आता झालं ना, आई? आता कशाला घाबरतेस?” जाळी खिडकीला बसली, बाळा, माझ्या छातीला नाही. मी नसेन त्या दिवशी एखादी मदतीला आलेली भली बाई घर आवरेल, जुने पांघरूण बघून नाक मुरडेल आणि नवे कोरे घालेल. ते उठतील, हाताला काहीच लागणार नाही, आणि ते मला शोधायला निघतील. जाळी खिडकीला आहे, जिन्याला नाही, रस्त्याला नाही. डोळे मिटले की मला रोज हेच दिसते. मरणाची भीती मला आहेच, पण मेल्यावर निदान ती मला वाटायची नाही. त्यांना वाटणारी भीती मात्र तिथेच राहील आणि ती कशाची हे त्यांना सांगताही येणार नाही.

म्हणून: ही गोधडी वाटणीत धरू नये, टाकू नये, स्मरण म्हणून कपाटात ठेवू नये. पलंगावर घालताना कॉर्डरॉय दाराकडे. तुकडा झिजला तर त्याच पोताचे कापड लावावे, रंग कोणताही चालेल.

कलम पाच. संस्था. गेल्या रविवारी तुम्ही दोघे भावंडे स्वयंपाकघरात कुजबुजत होतात. युनियनमध्ये राहिलेल्या बाईच्या कानाआड कोणी कुजबुजू नये.

“आईचं काही झालं तर बाबांना ठेवायचं कुठे?” धाकटी म्हणाली.

“ती नदीपलीकडची जागा चांगली आहे. स्वच्छ आहे.”

“आणि आई बरी झाली तर?”

“तर तीच आपल्याला तिथे नेऊन टाकेल.”

तुम्ही हसलात. मीही दाराआड हसले आणि दुसऱ्या दिवशी ती जागा बघून आले. खरोखर स्वच्छ आहे. सगळ्या पलंगांवर एकसारख्या पांढऱ्या चादरी. तिथल्या बाई म्हणाल्या, “घरचं पांघरूण चालत नाही, आजी. नियम आहे.” मी त्यांना नियमांचा इतिहास ऐकवणार होते, पण दम लागला. तुम्हाला नोकऱ्या आहेत, पोरे आहेत, मी तुम्हाला शपथेत बांधणार नाही. संस्थेत ठेवावे लागले तर ठेवा. पण जिथे गोधडी आत घेत नाहीत तिथे ड्रायव्हर जाणार नाहीत. ही अट मोडणाऱ्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल. हे वाक्य वकीलबाईंनी पक्के करून घेतले आहे.

कलम सहा. पुस्तके आणि व्यवस्थापक. माझी पुस्तके डेपोच्या वाचनालयाला द्यावीत. समासात केलेली भांडणे पुसू नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईने करावी. होय, थोरल्या, तुझ्या बायकोने. गोधडी न विचारता धुतल्याचा माझा राग गेलेला नाही आणि तिचीही माझ्यावरची अढी गेलेली नाही. पण त्या दुपारपासून ती रोज, मी बघत नाही असे समजून, त्या खोलीत जाते आणि कड कुठल्या बाजूला आहे ते हात लावून पाहते. माझ्याइतकी घाबरलेली या घरात तीच एक आहे. मला तशीच व्यक्ती हवी आहे.

आता शेवटचे. या गोधडीत त्यांचे कपडे आहेत, माझे आहेत, पिशवीवालीचा एक फाटका पडदाही आहे. तुम्हा मुलांचे काहीच नाही. मी जुने कपडे मागितले तेव्हा तुम्ही प्रेमाने दुकानातले कोरे, छापील तुकडे पाठवलेत, फीत बांधून. त्यांच्या पिशव्या झाल्या. गोधडीत ते घालता येईना, कारण ज्या कापडात कोणी राहिलेलेच नाही त्याच्यावर त्यांचा हात थांबत नाही. माझी जागा उद्या रिकामी झाली तर त्या हाताला तुमच्यापैकी कोणीतरी लागायला हवे. पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून. ते तुमचे नाव घेतील असे वचन मी देत नाही. हात थांबेल, एवढेच मी खात्रीने सांगते.

तेव्हा भाषण संपले, टाळ्या नकोत. थोरल्या, ऑफिसचा शर्ट अंगात आहे, महागाचा असेल तर फारच छान. तो काढ, त्याची बाही काप आणि वडिलांच्या गोधडीवर खाकीच्या शेजारी आत्ता, तुझ्या हाताने शिव.

सही: माईकवाली
ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार (आकड्यांतली तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याखाली)

आमच्या दोघांच्या देखत वरील बाईंनी, हात कापत असूनही, स्वतः सही केली.
साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा औषधवाला
साक्षीदार दुसरा: ड्रायव्हरांच्या गाडीवरचा निवृत्त कंडक्टर