थॉर्नबींचा पिवळा रंग

एल्म्सकोट,
२ फेब्रुवारी १९२६

तीर्थरूप ऑक्टेव्हिया आत्यास,
हेस्टरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू रागावून बाथ शहरी निघून गेलीस आणि घर खायला उठलं. बाबा गेले, रूपर्टदादा लॉर्ड होऊन वरच्या सभागृहात गेला आणि त्याच क्षणी त्याची खालच्या सभागृहातली जागा रिकामी झाली. दुसरा भाऊ नाही, दादाचा मुलगा अजून पाळण्यात. दोनशे वर्षं थॉर्नबींकडे असलेली वेल्डनची जागा पक्षवाले लंडनच्या कुणा साबणवाल्याला द्यायला निघाले होते. म्हणून मी उभी राहते म्हटलं, तर तू कानांवर हात ठेवलेस. या घरातल्या बायका निवडणुका जिंकून देतात, लढवत नाहीत, असं भर जेवणात सुनावलंस. मग मला जिंकून दे की!

पक्षाने शेवटी मलाच उमेदवारी दिली, आणि कचेरीतून सुरेख निळ्या फिती आल्या आहेत. मोटारीला, टोपीला, कोटाला निळंच निळं लावून हिंडते आहे. पण खेड्यांत मला पाहिलं की दारं धडाधड लागतात. लहानपणी जिच्याकडे मी आल्याचा केक खायची, त्या प्लमरीजबाईनेसुद्धा पडदा ओढून घेतला. बाई उभी राहिली म्हणून असेल का गं? खरं सांगते, उशीत तोंड खुपसून रडले. हरले तर थॉर्नबींची जागा घालवणारी म्हणून माझंच नाव राहील. दादाचा काही उपयोग नाही. लॉर्डला ना मत, ना मत मागायची मुभा. बिचारा तोंडाला कुलूप लावून कुत्रा फिरवत असतो.

राग हवा तेवढा कर, पण त्याखालची माया शाबूत असू दे.

तुझी,
हेस्टर


बाथ,
४ फेब्रुवारी

चि. हेस्टर हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा बशीत सांडला. निळा? अगं वेडे, निळा! लंडनच्या शहाण्यांना वाटतं, देशभर पक्षाचा रंग एकच. वेल्डनात निळा म्हणजे हॉकरिज, आपले पिढीजात विरोधक! आपला रंग तुझ्या खापरपणजोबांपासून पिवळा. रूपर्ट दर खेपेला बिनविरोध आला, मग तुला तो दिसणार कुठून? प्लमरीजला वाटलं असणार, बापाच्या थडग्यावरची माती वाळायच्या आत लेक शत्रूला जाऊन मिळाली. तिने दार लावलं ते इमानापोटी.

सोबतच्या खोक्यात पिवळ्या फिती आहेत. माझ्या रेशमी झग्याच्या कापल्या. तो ऐंशी सालच्या निवडणुकीसाठी शिवला होता. तेव्हा तुझा बाप उमेदवार, पण चिखल तुडवत दारोदार फिरले ती मी. जिंकल्यावर रिवाजाप्रमाणे लोकांनी घोडे सोडले आणि बग्गी स्वतः ओढली. तुझा बाप आत बसला. मी चढू लागले, तर मला सांगण्यात आलं, की बाईमाणसाची जागा इथे नाही. त्याची टोपी हातात धरून मी मागून चालत घरी आले. सगळ्यांसमोर हसत होते. पण आतून सारखं वाटत होतं, माझी जागा का नाही? आजवर कुणाला बोलले नाही. तू तेच मोठ्याने म्हणालीस, आणि मी तुझ्यावरच डाफरले.

आता नीट ऐक. प्लमरीजकडे पायी जा, मागच्या दाराने. आणि केक दुसऱ्यांदा मागून खा.

तुझी खडूस
आत्या


एल्म्सकोट,
२० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

अगं, जादू झाली! प्लमरीजबाई आधी तासभर रागावली, मग पिवळी फीत पाहून गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी तिने अख्खं गाव माझ्यामागे उभं केलं. दादाने तर कमालच केली. कुत्र्याच्या गळ्यात पिवळ्या फितीचं फूल बांधून तो रोज बाजारातून मुकाट्याने हिंडतो. हॉकरिजने तक्रार केली. निवडणूक अधिकाऱ्याने उत्तर दिलं, की कुत्रा काही लॉर्ड नाही!

तरी लढत अटीतटीची आहे. बायकांना मत देणारा कायदा झाल्यापासून तू एकदाही मत दिलेलं नाहीस. मत देणं पुरुषांचं काम म्हणतेस. वहिनी तिशीच्या आतली, म्हणून तिला कायद्याने मत नाही. आता घरात मतं दोनच, तुझं नि माझं.

लोभ आहेच, तो मतदानाला येऊन दाखवावास.

तुझी,
हेस्टर


एल्म्सकोट,
९ मार्च

माननीय सभासद चि. हेस्टर हीस आत्याचे आशीर्वाद.

तू शपथ घ्यायला लंडनला गेलीस आणि इथे अजून घंटा वाजताहेत. मतपत्रिकेवर फुली मारताना पेन्सिल इतकी दाबली, की वाटलं कागद फाटून मत बाद होतंय! नगरभवनाच्या सज्जातून तुझं नाव पुकारलं तेव्हा हॉकरिजचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. रूपर्ट आनंदाने ओरडला. निकाल लागल्यावर लॉर्डलाही ओरडता येतं म्हणे.

मग लोकांनी बग्गीचे घोडे सोडले. मी जुन्या सवयीने बाजूला झाले, तुझी टोपी घ्यायला हातही पुढे केला. आणि तू, उद्धट कार्टे, मला दंडाला धरून बग्गीत बसवलंस! वर माझीच टोपी हातात घेऊन चिखलातून चालू लागलीस. प्लमरीज गर्दीतून ओरडली, की मिस ऑक्टेव्हिया, उशीर झाला पण चढलात! मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले, आणि मला लाज वाटली नाही.

जेवणघरात घराण्यातल्या आजवरच्या सभासदांच्या रांगेत तुझ्या तसबिरीसाठी खिळा ठोकून घेतला आहे. एवढ्या मिशांमध्ये एक बिनमिशीचं तोंड बरं दिसेल.

बाकी क्षेम. माझी टोपी तुझ्याबरोबर लंडनला गेली, ती परत पाठव. तिच्यावरचा चिखल मात्र पुसू नकोस.

तुझी,
ऑक्टेव्हिया आत्या