निळी दारं

मंगळवार, ५ मार्च

नेमकी हीच संस्था! शहरात इतक्या संस्था पडल्यात, शाळा आहेत, बागा आहेत, मुक्या जनावरांचे दवाखाने आहेत — आणि कंपनीच्या स्वयंसेवा दिनासाठी मॅडमनी निवडली ती बाबा राहतात तीच. "विसरभोळ्या आजी-आजोबांसाठी काहीतरी करू या," म्हणाल्या. विसरभोळ्या! जणू काही चष्मा कुठे ठेवला तेवढंच आठवत नाही.

वर मलाच प्रमुख केलं. "तुझ्यामागे घरचं काही नाही ना, तू शनिवार देऊ शकतेस." मी हसले. दोन वर्षं ऑफिसात सांगत आलेय की बाबा भावाकडे असतात. मला भाऊच नाही.

बुधवार, ६ मार्च

नवरा म्हणतो, "सांगून टाक एकदाचं." त्याचं काय जातंय! माझ्या पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं होतं की, आई अंथरुणाला खिळलीय. सगळे काय हळहळले! मग एकेक काम काढून घेतलं. "तुम्हाला आधीच घरचा ताण, त्यात हे कशाला?" आता त्या हजेरीचे तक्ते भरतात आणि चार वाजता चहा पितात.

विभागप्रमुखाची जागा महिनाअखेर ठरणार. एक तर मी, नाहीतर उत्साहमूर्ती. (नाव मी ठेवलंय. हा गृहस्थ लिफ्टमध्येसुद्धा टाळ्या वाजवतो.) ती जागा मला हवीच आहे. त्या पगाराशिवाय बाबांना तिथे ठेवणं फार दिवस जमणार नाही, आणि घरी आणायचं तर दिवसभर त्यांच्याजवळ कोण बसणार?

शुक्रवार, ८ मार्च

संस्था चालवणाऱ्या ताईंना फोन केला. म्हटलं, उद्या मला ओळखू नका. त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्हाला ठाऊक. माझ्या तोंडून शब्द निघणार नाही." आणि बाबा? "ते तरी कुठे रोज ओळखतात?"

खरं आहे. पण लागलं.

शनिवार, ९ मार्च

वीस जण, एक बस, निळे टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह. भिंती रंगवायच्या आणि "संवाद साधायचा". मला वाटलं होतं, बाबांसमोर जावंच लागणार नाही. कसलं काय! व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. उत्साहमूर्ती थेट त्यांच्याकडे. "आजोबा, कसे आहात?" बाबांनी त्याच्या टी-शर्टाची कड चिमटीत धरून उलटी केली. चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. म्हणाले, "टाके लांब टाकलेत. दोन धुण्यांत उसवेल." सगळे हसले. मीही हसले — परक्यासारखी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याही टी-शर्टाकडे पाहिलं. तोंडावर ओळखीची खूण नाही. सुटले म्हणून बरं वाटलं, आणि असं बरं वाटलं याची शरम वाटली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भिंती साडेबारालाच संपल्या. माणसं जास्त, भिंती कमी. बस चारला येणार, आणि माणशी सहा तास भरल्याशिवाय कंपनी दिवस धरत नाही. वीस जण हात बांधून उभे. ताई वरच्या खोलीत मॅडमना संस्थेची माहिती देत होत्या. निळा रंग दोन डबे उरला होता. उत्साहमूर्ती म्हणाला, "दारं करू या! एकसारखी दिसतील, फोटोत पण छान."

ती दारं मुद्दाम वेगवेगळ्या रंगांची आहेत. नावाची पाटी इथल्या माणसांना वाचता येते, पण ते नाव आपलं, हे कळत नाही. रंग कळतो. हिरवं दार माजी नर्सबाईंचं, लाल दार जोशात भांडणाऱ्या आजींचं, चार नंबरचं पिवळं बाबांचं. पिवळं दिसलं की ते वळतात. ते शिकायला त्यांना दोन महिने लागले होते, मी बघितलेत.

मी म्हटलं, "दारं राहू द्या ना."

"का?"

तोंडाशी आलं होतं. पण मग "तुला कसं माहीत?" हा प्रश्न आला असता. मी म्हटलं, "नाही... वास येईल त्यांना." "खिडक्या उघड्या ठेवू की!" आणि लागले कामाला. बाबांचं दार मी रंगवलं नाही. ब्रश धुवायच्या निमित्ताने मागे नळावर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा पिवळं संपलं होतं.

ताई खाली आल्या. दारांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, "कसं वाटतंय?" ताई म्हणाल्या, "छान."

रविवार, १० मार्च

बाबा खोलीतून बाहेर येत नाहीत. काल संध्याकाळी तीन दारं उघडली म्हणे, तिसऱ्या खोलीतल्या आजींनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून पलंगावर बसून आहेत. दार सताड उघडं, नजर उंबऱ्यावर. आज मला ओळखलं. म्हणाले, "आलीस पोरी? बाहेर नको जाऊ. गेलं की परत सापडत नाही."

व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. बसच्या आवाजावर उठून बघायला जाणारे बाबा जेवणसुद्धा आत मागवतात.

ताईंना म्हटलं, मी आत्ता डबा आणते, रंगवून टाकू. त्या म्हणाल्या, "बावीसला तुमचे मोठे साहेब येतायत. दारांचे फोटो त्यांच्याकडे गेलेत. स्वयंपाकघर नवं करून देणार म्हणालेत, त्या दिवशी जाहीर करणार. तेवढं होऊ द्या. माझ्याकडे अठ्ठावीस माणसं आहेत हो." त्यांच्यावर चिडायला गेले, तर चिडताच येईना. मूग गिळून बसले ती मी!

मंगळवार, १२ मार्च

मॅडमना विचारून पाहिलं. सहज विचारल्यासारखं. "अशा माणसांना म्हणे दारांच्या रंगांवरून खोली कळते."

"कुठे ऐकलंस?"

"वाचलं कुठेतरी."

"वाचलेलं सगळं खरं नसतं गं. आणि तिथल्या बाई तर म्हणाल्या, छान!"

विषय संपला. वर, मासिकासाठी माझी मुलाखत घेणार आहेत. 'स्वयंसेवेने मला काय दिलं.'

शुक्रवार, १५ मार्च

मुलाखत झाली. काय बोलले, लिहवत नाही.

रविवार, १७ मार्च

हाताला धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. उंबऱ्याशी पाय रोवून उभे राहिले, चौकट घट्ट धरली. मी ओढलं. हो, ओढलं त्यांना! ते रडायला लागले. पडलेल्या लहान मुलासारखे. चाळीस वर्षं दुकानात उभा असलेला माणूस. आठ दिवसांत पाय सुजलेत, नर्सताई म्हणाल्या, चालणं सुटलं तर मग सुटलंच, या वयात परत येत नाही.

घरी आले तर नवऱ्याने काही विचारलं नाही. जेवण वाढून ठेवलं होतं. त्या न विचारण्याचाच राग आला, उगाच भांडले.

गुरुवार, २१ मार्च

मॅडमनी बोलावून सांगितलं. दार लावून घेतलं आधी. "अजून कुणाला बोलू नकोस. जागा तुझीच. साहेब उद्या तिथेच जाहीर करतील." वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि माझ्या डोळ्यांसमोर काय, तर सुजलेले पाय.

ठरलं. उद्या सांगणार. सगळ्यांसमोर. मग जागा राहो की जावो.

शुक्रवार, २२ मार्च

 

साहेब आले. सगळे निळ्या टी-शर्टात, मीही; घालावाच लागतो. व्हरांड्यातून चालत चालत चार नंबरसमोर थांबले. आत बाबा पलंगावर. साहेब म्हणाले, "हे आजोबा बाहेर नाही आले?" मी पुढे झाले. म्हटलं, "हे माझे बाबा."

आणि — टाळ्या! उत्साहमूर्तीने सुरू केल्या, सगळ्यांनी उचलल्या. साहेब हेलावले. "ही खरी भावना! प्रत्येकाला असंच वाटलं पाहिजे."

"नाही, साहेब. खरंच. माझे वडील आहेत."

"हो, हो," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी ताईंकडे पाहिलं — बोला ना! एकदा बोला! त्या गोंधळल्या. त्यांना वाटलं, भावनेच्या भरात माझी जीभ घसरली, आता सावरून घ्यायला हवं. दिलेल्या शब्दाला जागल्या. "यांचं तसंच आहे हो साहेब. इथले सगळेच यांना वडिलांसारखे."

मी आत गेले. बाबांच्या पायाशी बसले, हात हातात घेतले. "बाबा, सांगा ना यांना. मी कोण?"

त्यांनी टी-शर्टाची कड चाचपली. मग दारातल्या गर्दीकडे बघून घाबरून म्हणाले, "या कंपनीच्या बाई आहेत. माझी मुलगी रविवारी येते."

कुणीतरी फोटो काढला. साहेबांनी तिथेच स्वयंपाकघर जाहीर केलं, माझी जागा जाहीर केली. मॅडमनी मिठी मारली. कानात म्हणाल्या, "काय बोललीस गं! पुढच्या वर्षी हेच घोषवाक्य ठेवू."

रविवार, २४ मार्च

सकाळी आठला पिवळा डबा आणि ब्रश घेऊन संस्थेत गेले. कुणाला विचारलं नाही. वर्तमानपत्रं अंथरली, घासलं, पहिला हात दिला. बाबा आतून बघत होते. ताई धावत आल्या, "अहो, कंपनीने विचारलं तर मी काय सांगू?" म्हटलं, "चार नंबरच्या मुलीने रंगवलं म्हणून सांगा. माझं नाव सांगा, पूर्ण." मग तेच मी मॅडमना फोन करून सांगितलं, भाऊ नाही हेही सांगितलं.  दुपारी दुसरा हात द्यायचाय, आणि बाबा म्हणतायत कडेचं राहिलंय — उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून.