आठ कपडे आणि एक डोळा

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. ही वही कुणीही वाचायची नाही. चरित्रकार आलाच तर त्याची गोष्ट वेगळी.

वय सेहेचाळीस. नोकरी आवक-जावक विभागात. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का. आजवरची फोटोग्राफी : सूर्यास्त, मांजर, ऑफिसातले निरोपसमारंभ. (सर्व ग्रुप फोटोंत साहेबांचे डोळे मिटलेले. दोष साहेबांचा.) हे सगळं आजपासून बंद. यापुढे फक्त फॅशन पोर्ट्रेट. ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. बारा धडे. शिकवणाऱ्या सरांना भरघोस दाढी आहे, त्यामुळे विश्वास बसला.

बायकोला निर्णय सांगितला. तिने मान न वळवता बाथरूमचा नळ गळतोय असं सांगितलं. कलावंताच्या घरी असंच असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताई आली होती. ती एकोणीस वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यासाठी घरी बसून कॉलरी शिवते. नुसत्या कॉलरी. पुढे त्यांचा शर्ट होताना तिने कधी पाहिलेला नाही. पण गेले आठ महिने कॉलरींचे गठ्ठे हातावेगळे केल्यावर तिने स्वतःच्या डोक्याने आठ कपडे शिवलेत. एका शोरूमच्या बाईंनी कबूल केलंय की पंचवीस तारखेपर्यंत फोटो पाठवा, काम आवडलं तर तुमच्या नावाचा एक रॅक लावू.

ताईने विचारलं, कुणी ओळखीचा फोटोग्राफर आहे का? मी गळ्यात कॅमेरा अडकवून तिच्या समोरच बसलो होतो. तरी तिने दोनदा विचारलं. मग बायकोकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाली, बरं, तूच काढ. पण नीट काढ रे, मला पुन्हा नुसत्या कॉलरी शिवत बसायचं नाही.

निश्चिंत राहा म्हणालो. ती निश्चिंत झाल्यासारखी दिसली नाही, पण तिचा चेहरा मुळातच तसा आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

धडे एक ते तीन एका बैठकीत संपवले. (चार ते बारा वरवर चाळले. बहुतेक तेच तेच असावं.) मुख्य मुद्दे दोन. एक : पोर्ट्रेटचा प्राण डोळ्यात. दोन : ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं ठेवलं की डोळा तेवढा तीक्ष्ण येतो आणि बाकी सगळं विरघळून जातं. हे ऐकून अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी सगळंच स्पष्ट काढत होतो!

संकल्प : उद्यापासून पहाटे सहाला उठून मऊ प्रकाशात एक तास सराव.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९.४०

उठलो. मऊ प्रकाश गेलेला होता. हा प्रकाश फक्त पहाटेच मिळतो ही त्यातली मोठी गैरसोय आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

गजर वाजला. बायको उठली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सराव ऑफिसातच करायचं ठरवलं. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन, तीन दिवसांची पत्रं अजून का गेली नाहीत, असं विचारत होते. तेव्हा खिडकीतून त्यांच्या डाव्या गालावर असा काही उजेड पडला की माझ्याच्याने राहवलं नाही. त्यांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितलं. घेतली नाही. मेमो मिळाला. त्यावर आवकचा शिक्का मलाच मारावा लागला.

१६ फेब्रुवारी, रविवार

शूट!

बैठकीच्या खोलीचा स्टुडिओ केला. सोफा स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातलं टेबल बाथरूमच्या दारात. खिडकीला पांढरी चादर. बायकोने अंघोळ कुठे करायची असं विचारलं. आजच्या दिवशी असे प्रश्न!

मॉडेल भाची, म्हणजे ताईची मुलगी. शिकते फिजिक्स, त्यामुळे प्रकाशाबद्दल माझ्याशी वाद घालते. मी तिला वाऱ्याकडे बघायला सांगितलं. वारा कुठेय म्हणाली. टेबलफॅन लावला. केस तिच्या तोंडात गेले. मग, आपण काहीतरी हरवून बसलोय असा चेहरा कर, असं सांगितलं. म्हणाली, मामा, माझा रविवार हरवलाय.

ताईचा त्रास वेगळाच. प्रत्येक कपड्याला गुडघ्यावर बसून घेर सारखा करायची, आणि तोंडात टाचण्या धरून तशीच बोलायची. विटकरी गाउनच्या चुण्या येऊ देत. मोरपंखी जाकिटाची काजं येऊ देत, मशीनची नाहीत, हाताची आहेत, एकेकाला पाऊण तास लागलाय. मी हो हो म्हणत होतो. शिंप्याला काज दिसतं, फोटोग्राफरला माणूस दिसतो, हे तिला कुठे समजावत बसू?

भाचीने मध्येच विचारलं, मामा, कपडे येताहेत ना? एवढा जवळ का आलायस? मी आणखी जवळ गेलो.

एकूण फोटो सहाशे बारा. ताईने जाताना माझ्या दंडावर हात ठेवला आणि निघाली. भारावली असणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निवड. सहाशे बारांपैकी चारशेंमध्ये भाचीच्या पापण्या मिटलेल्या. (हा आमच्या नशिबाचाच भाग दिसतो. आधी साहेब, आता ही.) उरलेल्यांतून प्रत्येक कपड्याचा एक असे आठ काढले. डावा डोळा अप्रतिम! पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. उजवा जरा मऊ. नाकाच्या खाली तर सगळं लोण्यासारखं वितळलंय.

फक्त रंग खटकत होते. विटकरी, मोरपंखी वगैरे मध्ये मध्ये येऊन लक्ष वेधून घेत होते. आठही फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले. आता जमलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईचा फोन. पाठवण्याआधी फोटो बघायचे म्हणाली. नकार दिला. डॉक्टर काय पेशंटला उठवून ऑपरेशन दाखवतो?

बायकोने मागून डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, अहो, कपडे कुठायत? मी एका फोटोत खाली कोपऱ्यात करडा ढग आहे तो दाखवला. ते जाकीट. ती म्हणाली, अजून पाच दिवस आहेत, रविवारी पुन्हा काढा, मी सोफा हलवते, तुम्हाला नको असेल तर मीच वन्संशी बोलते. मी खवळलो. अजिबात बोलायचं नाही, असं बजावलं. घरातच पाय ओढणारी माणसं असली की असं होतं. जेवणापर्यंत अबोला धरला. जेवण उशिरा झालं, त्यामुळे तो बराच लांबला.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा फोटो काढायला हरकत नव्हती, पण पाठ धरली होती. शिवाय पुन्हा काढणं म्हणजे पहिल्यात चूक होती असं मान्य करण्यासारखं.

दुपारी ३.१५ : फोटो थेट शोरूमच्या बाईंना ई-मेलने पाठवले. सोबत एक ओळ : हे फोटो पाहू नका, अनुभवा. ताईला नंतर कळवलं. पाठवलेसुद्धा? असं तिने दोनदा विचारलं. आनंदाने विश्वास बसत नसावा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शोरूमच्या बाईंनी ताईला फोन केला होता. ताईने मला संध्याकाळी सांगितलं. बाई म्हणाल्या, आठ फोटो आलेत, आठही एकाच मुलीच्या डोळ्याचे. तुम्हाला चष्म्याच्या दुकानात पाठवायचे होते का?

वाटलं, आता ताई ओरडेल. लहानपणी तिची सायकल मी विहिरीत घातली होती तेव्हा केवढी ओरडली होती. आज ओरडली नाही. बरं, बघते मी, एवढंच म्हणाली. फोन ठेवायच्या आधी तिच्या मशीनचा आवाज ऐकू आला. कॉलरीच असणार.

खरं लिहायचं तर फार वाईट वाटलं. आठ महिने तिने डोळे फोडले आणि मी सगळ्याचा ढग करून ठेवला. आज जेवण गेलं नाही.

रात्री ९.०० : अर्थात बाईंचा स्क्रीनही खराब असू शकतो. ही शक्यता कुणीच विचारात घेत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताई आणि भाची दोन सुटकेसमध्ये आठही कपडे भरून बसने शोरूमला गेल्याचं बायकोकडून कळलं. मी अर्धा दिवस रजा टाकून सुटकेस उचलायला येतो असं काल म्हणालो होतो. ताईने, तू ऑफिसला जा, असं तीनदा सांगितलं. कॅमेराही आणतो म्हटल्यावर चौथ्यांदा.

ऑफिसात लक्ष लागलं नाही. आलेल्या पत्रांवर जावकचा शिक्का मारला. पत्रं परत गेली.

१ मार्च, शनिवार

ताई हसत हसत आली! आठातले पाच कपडे ठेवून घेतले. बाईंनी म्हणे काजं भिंगातून बघितली. तिच्या नावाचा रॅक लागणार. कारखान्याला पुढच्या महिन्यापासून कॉलरी जमणार नाहीत असं कळवूनही आली. ताईला इतकी मोकळी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले. बायकोचेही.

मग मी या यशामागचं तंत्र सगळ्यांना समजावून सांगितलं. फोटोत कपडे दिसले असते तर बाईंनी तिथेच बघून सोडून दिले असते. न दाखवल्यामुळे कुतूहल निर्माण झालं, म्हणून तर प्रत्यक्ष बोलावलं. भाचीला ठसका लागला. बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटी ताईने सांगितलं. बाई मंगळवारी फोन ठेवतच होत्या, आमची चेष्टा चाललीय का म्हणत होत्या. तेव्हा तिला काही सुचेना, म्हणून तिने सांगून टाकलं की आमच्या घरातल्या लहान मुलाने हट्टाने कॅमेरा घेतला आणि त्याचेच फोटो चुकून गेले. बाई हसल्या, म्हणाल्या, राहू द्या फोटो, कपडेच घेऊन या. किती वर्षांचा आहे विचारलं. ताईने नऊ सांगितलं.

मी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या? ताई म्हणाली, नऊच्या मानाने डोळा बरा पकडलाय म्हणाल्या. रागावू नका त्याला, पुढे शिकेल.

बाईंनी मुलासाठी चॉकलेटचा डबा पाठवलाय. भाचीला देऊ केला तर तिने घेतला नाही, मामाचा आहे म्हणाली. मी चार खाल्ली. आत काजू आहेत.

आभाराची चिठ्ठी आजच लिहून दे, असं ताईने बजावलंय. अक्षर जरा मोठं काढ म्हणाली.