पंधरा नंबरचं क्युबिकल

१० नोव्हें., सोम.
जुनी अभ्यासिका बंद. आजपासून लकडगंजची. घरी सांगायचं राहिलंच. मुलींचा कोपरा भरलेला, म्हणून भिंतीकडचं १४ नंबर. मालक काकांचा हट्ट, "केबिन नाही बेटा, क्युबिकल म्हण!" दोन प्लायवूड आणि शेजारच्याशी आडोसा म्हणून एक फळी, पण तोरा बघा.

११ नोव्हें.
इंग्रजीच्या पेपरसाठी शब्द काढत होते, 'क्युबिकल'ही काढला. मूळ लॅटिन. आडवं होणे, पडणे! त्यावरून निजायची खोली. पुढे वसतिगृहातल्या खाटांमधले आडोसे, मग ऑफिसातले. आणि आमच्या काकांची पाटी: 'येथे झोपू नये'. एकटीच हसत सुटले. १५ मध्ये कुणीतरी खरंच झोपलं होतं. संथ श्वास येत होता.

१२ नोव्हें.

दुपारी १५ मधून खोकला. घसा खाकरून मग दोनदा, घरी रोज ऐकते तसा. उठून फळीवरून डोकावले. टेबलावर हातावर डोकं ठेवून बाबा. बाजूला सकाळी मीच भरलेला डबा.
बाबा कळमन्याच्या बाजारात असतात. धान्याच्या अडतीवर, दिवाणजी. आजही नऊला निघाले होते.
बॅग तिथेच टाकून बाहेर आले. रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही.

१३ नोव्हें.
बॅग आणायला गेले. ते आले नव्हते. काकांना सहज विचारलं. "ते होय? दिवाळीच्या आधीपासून येऊन राहिले. काम सुटलं म्हणे. पेपर वाचते, झोपते. आता त्याइले काय म्हणू?"
संध्याकाळी बाबा जेवताना, "आज सोयाबीनची लय आवक होती. बसाले फुरसत नाही."
आई म्हणाली, "पाय दुखत असन तुमचे. तेल लावून देऊ काय?"
आवक-भाव पेपरातून पाठ करतात! इतका राग आला की ताटावरून उठले. मग मोरीत नळ सोडून रडले. आईला सांगू? की बाबांना? की

१४ नोव्हें., शुक्र.
काका वरच्या मजल्यावर जागा देत होते. नको म्हटलं. १४ मध्येच बसले. एक ओळ डोक्यात शिरली नाही.
इथली रीत अशी, की काही हवं असलं तर फळीवरून हात पुढे करायचा. डोकावायचं नाही, नाव विचारायचं नाही. दुपारी १५ मधून हळूच आवाज, "पेन देता काय जी?" आणि फळीवर हात आला. बाबांच्या अंगठ्याचं ते काळं पडलेलं नख.
माझ्याकडे साधा पेन होता. तरी दुसरा दिला, निळ्या टोपणाचा, वाढदिवसाला त्यांनीच आणलेला.
हात मागे गेला नाही. पेन धरून तसाच फळीवर. बराच वेळ.
साध्या पेनाने हे लिहितेय. हात अजून तिथेच आहे.